दानाचे मूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी आपल्या लोकांत म्हण आहे. तिला अलीकडे आणखी एक शेपूट जोडलेले आम्ही ऐकतो, ते असे की दानाचेही मूळ शोधू नये. देणाऱ्याने द्यावे, घेणाऱ्याने हात जोडून घ्यावे, आणि पैसा कोठून आला हा प्रश्न देवाच्या दरबारी सोपवावा. हे वचन आम्ही प्रथम एका पंचाच्या तोंडून ऐकले, आणि त्या दिवशी ते आम्हांस फार गोड लागले हे येथे कबूल केले पाहिजे.

प्रसंग असा. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले. कळंबच्या बाजूस समुद्रालगत सुरूची झाडे मोडून पडली, वाड्यांतील केळी भुईसपाट झाल्या, आणि तेथील एका लहानशा मंडळीच्या प्रार्थनामंदिराचे पत्रे उडाले. मंडळी गरीब. मासळी विकणाऱ्या चार-पाच बाया, वाडीत रोजाने जाणारी काही कुटुंबे, दोन रिक्षावाले, एक शिक्षक. साथीमुळे रोजगार बुडालेला, उपासना बंद म्हणून वर्गणीही बंद, आणि पाऊस तोंडावर आलेला. अशा वेळी एक ओळखीचे गृहस्थ आमच्या दारी आले व त्यांनी एक पाकीट पुढे ठेवले. आत साठ हजार रुपये होते. देणारा कोण हे सांगण्याची मनाई आहे, एवढेच ते म्हणाले. पावती नको, नाव नको, आभारही नकोत.

आम्ही पंचांस बोलाविले. एकाने अंमळ कां-कूं केले, तेव्हा दुसरे म्हणाले, “पाळकसाहेब, गुप्तदानासारखे दान नाही. मूळ शोधीत बसाल तर पावसात भिजाल.” सर्वांस ते पटले. जमाखर्चाच्या वहीत आम्ही स्वहस्ते लिहिले: एका हितचिंतकाकडून, रुपये साठ हजार. पत्रे आले, चढले, पावसाळा कोरडा गेला.

पुढे उपासना सुरू झाल्यावर एका रविवारी वर्षाचा हिशेब वाचून दाखविला. मंडळीचा पाठ असा आहे की प्रत्येकाच्या वर्गणीची रक्कम नावासह वाचावयाची. वाचन संपल्यावर मासळी विकणाऱ्या एक आजी उभ्या राहिल्या. “पाळकसाहेब, माझ्या दहा रुपयांची तुम्ही पावती फाडता, वर नाव लिहिता. मग साठ हजारवाल्याला नाव नाही होय?” लोक हसले. आम्हीही हसून म्हणालो, “आजी, उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू देऊ नये, अशी प्रभूची शिकवण आहे ना!” त्यावर त्या म्हणाल्या, “मग माझ्या उजव्या हाताचं सगळ्या मंडळीला वाचून का दाखवता?”

कोणी हसले नाही. आम्हांपाशी उत्तर नव्हते. त्या दिवसापासून हा प्रश्न आमच्या मनात घोळत आहे, आणि आमच्या उपदेशक बंधूंपैकी पुष्कळांच्या गावी तो आज ना उद्या उभा राहील असे वाटते, म्हणून त्याविषयी चार शब्द लिहितो.

पहिली गोष्ट ही की मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील ती शिकवण कोणाला उद्देशून आहे, हेच आम्ही विसरलो होतो. ती दात्यास आहे. चव्हाट्यावर कर्णा वाजवून दान करणाऱ्याच्या अहंकारावर तो घाव आहे. खजिनदारास, पंचास किंवा पाळकास ती दिलेली नाही. ज्याच्या हाती लोकांचा पैसा येतो त्याच्याविषयी बोलताना पवित्र शास्त्राचा सूर निराळाच आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना प्रेषित पौलाने आपल्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेली माणसे घेतली, आणि करिंथकरांस कारण कळविले की देवासमोरच काय, माणसांसमोरही आपला व्यवहार चोख दिसला पाहिजे. योवाश राजाच्या काळी यहोयादा याजकाने पेटीस छिद्र पाडून ती वेदीजवळ ठेविली. पेटी भरली म्हणजे राजाचा लेखक आणि प्रमुख याजक असे दोघे मिळून पैसे मोजीत. एकट्याने मोजावयाचे नाही, हा त्यातला मुद्दा. आणि बर्णबाने शेत विकून पैसे प्रेषितांच्या चरणी ठेविले, ते त्याचे नाव, कूळ व गाव यांसह लिहून ठेविलेले आहे. त्याने बर्णबाचे पुण्य कमी झाले असे कोणी म्हणत नाही.

आता यहोयादाची पेटी आणि आमचे पाकीट यांत भेद काय? पेटीतही नाव नसते. शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या हुंडीत रोज नावावाचून पैसा पडतो. नाव न कळविता दिलेल्या देणगीवर शेकडा ३० कर बसविण्याची तरतूद २००६ साली कायद्यात आली, आणि ती शिर्डीच्या हुंडीस लागू करावी असे आयकर खात्याचे म्हणणे पडले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये निर्णय दिला की संस्थान धार्मिकही आहे व धर्मादायही आहे, म्हणून त्यास सूट मिळावी. कायद्याचा कीस आम्ही काढीत नाही. परंतु हुंडीविषयी विचार करता एक गोष्ट ध्यानात येते. हुंडीत टाकणाऱ्याचे नाव भाविकांस ठाऊक नसते, पुजाऱ्यास नसते आणि विश्वस्तांसही नसते. उद्या तो मनुष्य येऊन विश्वस्तास म्हणू शकत नाही की माझ्या पैशाची आठवण ठेवा. आमच्या पाकिटाचे तसे नव्हते. मंडळीस नाव ठाऊक नव्हते, आम्हांस नव्हते, परंतु आणणाऱ्यास होते, आणि देणाऱ्याच्या मर्जीस येईल त्या दिवशी ते आम्हांसही कळविता आले असते. जे नाव घेणाऱ्यापासूनही लपलेले आहे ते गुप्तदान. जे नाव मोजक्यांस माहीत आणि बाकीच्यांस झाकलेले, त्यास दुसरे काही नाव शोधले पाहिजे.

हाच प्रश्न आपल्या देशात नुकताच फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. राजकीय पक्षांस देणग्या देण्यासाठी २०१८ साली निवडणूक रोखे निघाले. स्टेट बँकेतून रोखा घ्यावयाचा, पक्षास द्यावयाचा, आणि मतदारास देणाऱ्याचे नाव कळावयाचे नाही. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ही योजना घटनाबाह्य ठरविली, आणि मार्च महिन्यात नावे प्रसिद्ध झाली. धर्मादाय दान आणि राजकीय देणगी एक नव्हेत, हे आम्ही जाणतो. तथापि त्या निकालातील एक विचार आमच्या पंचांनी ऐकण्याजोगा आहे: कागदावर नाव झाकले तरी घेणाऱ्या पक्षास ते कळण्याच्या वाटा मोकळ्याच राहतात, अंधारात राहतो तो फक्त मतदार. दुसराही एक विचार तेथे आहे. लहान देणगीदारास आपले मत झाकून ठेवण्याचा हक्क आहे. परंतु काही मिळविण्यासाठी दिलेल्या पैशास तो आडोसा मिळू नये. पक्षांनी २० हजार रुपयांवरील देणग्यांचा तपशील कळवावा असा कायदा पूर्वीपासून होता, त्यात हाच विवेक दिसतो.

आजींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे सापडते, आणि ते आमच्या चालीस उलटे पडते. आम्ही दहा रुपयांचे नाव वाचीत होतो आणि साठ हजारांचे झाकीत होतो. दहा रुपयांनी पाळकाची जीभ कधी बांधली गेली आहे काय? उलट ज्या विधवेस त्या महिन्यात पाचच रुपये जमले तिचे नाव भर मंडळीत वाचले म्हणजे ती पुढच्या रविवारी येत नाही. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. लहान वर्गणीची पावती द्यावी, वहीत नोंद करावी, आणि वाचताना एकंदर रक्कम वाचावी. मोठी देणगी मात्र मंडळीपुढे आलीच पाहिजे. मोठी म्हणजे किती, हे प्रत्येक मंडळीने आपल्या ऐपतीप्रमाणे आधीच ठरवावे. पाकीट समोर आल्यावर ठरवू नये.

आता कोणी म्हणेल, ही नाव लिहिण्याची खटपट नव्या काळच्या कायद्यांनी आणि हिशेबनिसांनी आणली. आपले वाडवडील मुकाट्याने देत. तसे नाही. कळंबच्या उशाशी नालासोपारा आहे. त्याचे जुने नाव शूर्पारक. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख कोरलेले आहेत, त्यांस सुमारे १,९०० वर्षे झाली. त्यांत शूर्पारकाचे नाव आहे. तेथे त्याने धर्मशाळा बांधली असे तो सांगतो. त्याच लेण्यातील दुसऱ्या लेखात एका दानाचा हिशेब आहे, तो आमच्या खजिनदारांनी वाचावा असा आहे. त्याने भिक्षुसंघास ३,००० कार्षापण अक्षय ठेव म्हणून दिले. पैकी २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याजच वापरावयाचे. २,००० चे वर्षाचे व्याज २४० होते. आणि लेख सांगतो की पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंस चीवरासाठी प्रत्येकी १२ द्यावे. वीस बारे दोनशे चाळीस! हिशेब पैशापैशाने जुळतो. हे सर्व नगराच्या सभेत ऐकविले गेले आणि फलकावर नोंदले गेले, असेही तेथे लिहिले आहे. भिक्षूंच्या अन्नासाठी एक शेत दिले ते वाराहीचा पुत्र अश्विभूती नामक ब्राह्मणाकडून ४,००० कार्षापणांस विकत घेतले, हेही त्या लेण्यात नमूद आहे. राजाच्या जावयास कोणाचे शेत फुकट घेणे अवघड नव्हते. म्हणूनच विकणाऱ्याचे नाव आणि किंमत लिहिणे त्यास अगत्याचे वाटले असावे.

आणि केवळ मोठ्यांचीच नावे दगडावर गेली असे नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल शेठीच्या नावाबरोबर एका गंधविक्याचे नाव आहे, आणि आमच्या सोपाऱ्याहून गेलेल्या सातिमित नावाच्या एका धर्मपाठकाचेही एका खांबावर आहे. ते कोण होते, काळे की गोरे, कोणास ठाऊक. खांब त्यांचा, एवढे ठाऊक आहे.

येथवर लिहून आमचे मन थोडे अडखळते. उषवदाताने शेताचे मूळ सांगितले. परंतु ते ४,००० कार्षापण कोठून आले? त्याच लेखमालेत तो मालयांवर चालून गेल्याचेही लिहितो. खजिन्यात लुटीचे किती, करभाराचे किती, हे दगड सांगत नाही. नावाने देणारा कळतो; त्याने ते कोणापासून घेतले हे कळत नाही. भीमाशंकरास गेलेल्या वाचकांनी देवळापुढील मोठी फिरंगी घंटा पाहिली असेल. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, त्या मोहिमेतील ही घंटा म्हणून ती प्रसिद्ध आहे. तिच्यावरील क्रूस पाहून आपल्यापैकी काहींच्या पोटात कालवते. आम्ही त्यांस एवढेच विचारतो की, वसईच्या देवळांत अशा घंटा टांगल्या गेल्या त्या कोणाच्या पैशाने? येथल्या शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी पोर्तुगीजांस दिलेला करभार त्यात नसेल काय? एकाचे दान हे दुसऱ्याचे घेतलेले, आणि त्या दुसऱ्याचे तिसऱ्याचे. नदीच्या मुळाशी जाता जाता माणूस थकतो, हे त्या म्हणीतले खरे आहे.

तरीपण नदीचे मूळ न सापडले म्हणून आपल्या घाटावर वरच्या अंगाने काय वाहून येते हे पाहू नये, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. यहूदाने परत टाकलेली तीस नाणी मुख्य याजकांनी भांडारात घेतली नाहीत. रक्ताचे मोल म्हणून बाजूस काढली व त्यांचे कुंभाराचे शेत परक्यांना पुरण्यासाठी घेतले. ज्यांनी तो पैसा दिला तेच आता सोवळे झाले, यात ढोंग होतेच. पण ढोंग्यासही जे समजत होते ते आम्हांस समजले नाही, याची आम्हांस अधिक लाज वाटते. आम्ही विचारावयास हवे होते, आणि विचारणे फार कठीण नव्हते: देणारा कोण, हा पैसा त्याने कशाच्या धंद्यात मिळविला, आणि आम्हांकडून त्यास काय हवे आहे?

यांतील शेवटच्या प्रश्नास आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासात एक मोठा दाखला आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, ते पुढे पुण्यास नेले. पैसा अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनचा. १८८७ साली बोस्टन येथे निघालेल्या या मंडळाने दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले होते. पैसा कोणाचा हे लपलेले नव्हते. सदनात धर्माची सक्ती होणार नाही, हे देणाऱ्यांस आणि पुण्याच्या लोकांस उघड सांगितलेले होते. पुढे काही मुली स्वखुशीने रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या, आणि १८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळ सोडले. पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंचे म्हणणे, माझ्या खोलीचे दार मी कोणास बंद करीत नाही. पालकांचे म्हणणे, आम्हांस सांगितले होते त्याहून हे निराळे. आम्ही बाईंचे ऋणी आहोत, आणि तरीही म्हणतो की पालकांच्या तक्रारीत तथ्य नव्हते असे समजू नये. पुढे केडगावचे मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती म्हणून उभे राहिले. तेथे ही तक्रार करण्यास जागा उरली नाही, कारण दारावरच सर्व लिहिलेले होते. देणाऱ्याचे नाव जगास माहीत असले तरी देण्याचा हेतू घेणाऱ्या गरिबास नीट सांगितला आहे की नाही, हा प्रश्न उरतोच.

आमच्या उपदेशक बंधूंस गावात विचारतात, “तुम्हांला पगार कोण देतो? परदेशातून येतो ना?” या प्रश्नावर रागावण्याचे कारण नाही. परदेशी वर्गणीविषयी आपल्या देशात १९७६ व २०१० साली कायदे झाले, आणि २०२० च्या दुरुस्तीने असा पैसा प्रथम दिल्लीतील स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेतच जमा व्हावा असे ठरले. काहींस ते जाचक वाटते. त्याविषयी मतभेद असोत. परंतु गावातल्या शेजाऱ्याने विचारले तर सरकारास जे सांगावे लागते ते त्यालाही सांगण्यास काय हरकत? इतके अमुक मंडळाकडून, इतके तुमच्याच गावातल्या अमुक बाजारकरणींच्या टोपलीतून. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या विश्वस्त संस्थेचा जमाखर्च तपासून द्यावा लागतोच. त्याचीच एक प्रत प्रार्थनामंदिराच्या दारावर चिकटवावी. ज्या उपदेशकाने असे केले त्याची थट्टा झालेली आम्ही ऐकली नाही. ज्यांनी “देव देतो” म्हणून हात वर केले त्यांच्याविषयी काय काय बोलले गेले ते मात्र ऐकले आहे.

आता पाकिटाची उरलेली हकीकत.

पत्रे चढल्यावर सुमारे दीड वर्षाने तेच गृहस्थ पुन्हा आले. चहा झाला. मग ते म्हणाले की समुद्राकडे जाणाऱ्या पायवाटेवर कोणी कुंपण घालीत आहे, त्यास मंडळीतील दोन कुटुंबांचा विरोध आहे. पाळकसाहेबांनी त्यांस समजावावे. पाकिटाचा उच्चार त्यांनी केला नाही. आम्हीही केला नाही. परंतु आमची मान आपोआप वर गेली आणि नजर त्या पत्र्यांकडे लागली. “पाहतो,” असे आम्ही म्हणालो. ज्या वाटेने आजी रोज पहाटे टोपली घेऊन जातात त्या वाटेविषयी आम्ही “पाहतो” म्हणालो.

रात्रभर झोप आली नाही. सकाळी पंचांस बोलावून सर्व सांगितले, आणि पुढील रविवारी मंडळीपुढे ठेविले. पैसे परत करावे असे ठरले. पत्रे काही काढून देता येत नव्हते, म्हणून वर्गणीने फेडावयाचे ठरले. आमच्या पगारातून दरमहा काही, बाकी ज्याला जमेल तसे. फिटण्यास चौदा महिने लागले. कुंपणाविषयी त्या दोन कुटुंबांस आम्ही काही समजाविले नाही.

पाकीट देणारा आणि कुंपण घालणारा एकच होता काय, हे आम्हांस आजही ठाऊक नाही. कदाचित नसेल. कदाचित कोणा देवभीरू माणसाने खरोखर निरपेक्ष बुद्धीने ते पैसे दिले असतील, आणि मध्यस्थाने आपल्या कामासाठी आमची ओशाळगत वापरली असेल. तसे असेल तर आम्ही त्या सज्जनाचे दान त्याच्या तोंडावर फेकले, आणि त्याची क्षमा मागावी तर कोणाजवळ? शेवटचा हप्ता देताना आम्ही त्या गृहस्थांस विचारले, “आता तरी सांगाल काय?” त्यांनी पैसे मोजले, खिशात घातले, आणि मान हलविली.

त्या रविवारी हिशेब वाचला तेव्हा आजी पुढच्या बाकावर होत्या. एकंदर वर्गणी वाचली, नावे वाचली नाहीत. मग परतफेडीची रक्कम वाचली. “कोणाला दिली म्हणून लिहिलंत?” त्यांनी विचारले. आम्ही वही त्यांच्यापुढे धरली. त्यांना वाचता येत नाही, परंतु रकाना रिकामा आहे एवढे त्यांनी बोट फिरवून पाहिले.